आमची गेमवाली खोली परत उघडा: नागपुरातल्या एका हॉस्पिटलच्या विश्वस्तांना खुलं पत्र

माननीय विश्वस्त मंडळ आणि अधीक्षक साहेब,

नमस्कार. तुमच्या हॉस्पिटलचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, सिस्टर लोकांनी सतरा दिवस माझं सगळं केलं, अशा जागेचं नाव चारचौघांत ओढायचं मला पटत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला समजेलच, आणि जे पेशंट माझ्यासोबत त्या हिरव्या बाकावर बसायचे त्यांनाही समजेल. पत्र खुलं यासाठी की आम्हा पेशंटकडून व्हिडिओ गेमवर व्यायाम करून घेणारी फिजिओ विभागाची खोली तुम्ही बंद केली, ती उघडा म्हणून दोनदा अर्ज दिला, दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही मिळालं.

मी ऑटो चालवतो, म्हणजे चालवत होतो. बावीस वर्षं. घर नंदनवनला, कॉटन मार्केटच्या स्टँडवर नंबर. मागच्या फेब्रुवारीत सकाळी साडेआठला एका बाईंना घेऊन सक्करदऱ्याकडे जाऊन राहिलो होतो, सिग्नलला थांबलो, हिरवा झाला, क्लच दाबायला गेलो तर दबेना. मला वाटलं क्लच वायर तुटली. खाली उतरून पाहिलं तर वायर ठीक, लिव्हर ठीक, डावा हातच काम करून नाही राहिला. त्या बाई म्हणाल्या भाऊ तुमचं तोंड वाकडं होऊन राहिलं, दवाखान्यात जा. मी गेलो घरी. अशक्तपणा असेल, रात्री झोप नाही झाली, असं म्हणून पडून राहिलो आणि तुमच्याकडे पोचलो तेव्हा सहा तास होऊन गेले होते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला तिथे समजलं. वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर घरी जाऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आमच्या ऑटोत क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या हातात असतात. चार बोटांनी लिव्हर ओढायचा आणि ओढून धरूनच मनगट फिरवून गिअर टाकायचा. दिवसातून किती वेळा करतो याचा हिशोब कधी केला नाही, श्वासासारखं होतं ते. लकवा डाव्या बाजूला मारला म्हणजे माझा पाय गेला, हात गेला, आणि धंदाही त्या मनगटात होता तो गेला. लोक म्हणतात बॅटरीवाली घे, तिला क्लच नसतो. जुन्या गाडीचे हप्ते आत्ताच फिटले, नवीन कुठून घेऊ?

डिस्चार्जनंतर फिजिओसाठी आठवड्यातून तीन दिवस यायचो. तुमच्याकडे फिजिओ दोन आणि पेशंट रोजचे पंचेचाळीस-पन्नास, त्यामुळे एकाच्या वाट्याला वीस मिनिटं आली तर नशीब, ते कुणाच्या आळसामुळे नाही, माणसंच तेवढी आहेत. त्या वीस मिनिटांत हात वर, हात खाली, ग्लास उचल, ग्लास ठेव. तीसेक वेळा केलं की हात थकायचा आणि खरं सांगतो, हाताआधी मन थकायचं. घरी करायला एक झेरॉक्स कागद दिला होता, चित्रं काढलेला. तो फ्रिजवर चिकटवला. पहिला आठवडा केलं, मग बायको ओरडली की करायचो, मग तीही थकली.

मग तुमच्या फिजिओ मॅडमनी ती गेमवाली खोली सुरू केली. आधी तिथे तुटक्या व्हीलचेअर पडलेल्या असायच्या, दहा बाय बाराची जागा. त्यांनी स्वतःच्या भावाचा जुना एक्सबॉक्स ३६०, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, आणला, सोबत त्याचा किनेक्ट कॅमेरा. टीव्ही एका पेशंटच्या मुलांनी दिला. निन्टेंडो कंपनीचं तसंच वी नावाचं मशीन आणि त्याचा बॅलन्स बोर्ड कुणाच्या तरी माळ्यावर पडून होता तो आला. हॉस्पिटलचा त्यात एक रुपया नाही, फक्त जागा आणि लाईट. (मॅडमना या पत्राचं काही माहीत नाही. मी त्यांना न विचारता लिहितोय, कृपा करून त्यांना यात ओढू नका.)

तुमच्यापैकी कितीजण त्या खोलीत पाच मिनिटं उभे राहिले मला माहीत नाही, म्हणून तिथे काय चालायचं ते लिहितो.

बॅलन्स बोर्ड म्हणजे पाटासारखी पांढरी फळी, चार कोपऱ्यांत चार सेन्सर, तुमचं वजन कुठल्या पायावर किती पडून राहिलं ते टीव्हीवर ठिपक्याने दिसतं. मी पहिल्यांदा उभा राहिलो, मला वाटत होतं मी सरळ उभा आहे. ठिपका पार उजवीकडे! महिनाभर सगळे सांगत होते डाव्या पायावर जोर द्या, डाव्या पायावर जोर द्या, आणि मी म्हणत होतो देऊन तर राहिलो. त्या दिवशी माझ्याच डोळ्यांनी दिसलं की नाही देत. मॅडम मागून कमरेचा पट्टा धरून उभ्या, आणि मी तो ठिपका ढकलत ढकलत मधल्या रेषेपर्यंत आणला, घाम फुटला, पाय लटपटले, पण आणला. तीन आठवड्यांनी काठी फक्त बाहेर रस्त्यावर लागायची, घरात नाही.

किनेक्टमध्ये हातात काहीच धरावं लागत नाही. तो डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि समोरच्या माणसाचे खांदे, कोपरे, गुडघे असे वीस सांधे ओळखतो. ज्याची मूठच वळत नाही त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. पण त्याला मनगटाचं वळणं आणि बोटं नीट दिसत नाहीत, आणि माझं तर सगळं घोडं तिथेच अडलेलं. म्हणून मॅडमनी वीचा रिमोट काढला. त्याच्या आत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, रिमोट कसा कलला ते त्याला समजतं. माझी पकड नव्हती तर त्यांनी क्रेप बँडेजने रिमोट तळहाताला बांधला, तळवा जमिनीकडे, आणि विमानाचा गेम लावला. मनगट वर केलं की विमान वर, खाली केलं की खाली. पहिल्या दिवशी विमान नुसतं समुद्रात पडत होतं. मी काय करायचो, मनगट उठत नाही म्हणून अख्खा खांदा उचलायचो, अंग मागे टाकायचो. मॅडमनी चुन्नीने माझी छाती खुर्चीच्या पाठीला बांधली, म्हणाल्या आता अंगाने नाही, मनगटानेच उडवा. नवव्या की दहाव्या दिवशी ते विमान पाण्याला टेकता टेकता उठलं. एवढंसं. माझी मुलगी बाजूला बोटांवर मोजत बसली होती, वीस मिनिटांत मी एकशे बेचाळीस वेळा मनगट हलवलं होतं. आणि ही तीच हालचाल जी ऑटोचा गिअर टाकताना लागते!

पाच महिन्यांनी मी अंगणात उभ्या ऑटोवर बसून क्लच अर्धा ओढला आणि न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकला. गाडी बंद होती. डॉक्टरांनी रस्त्यावर चालवायची परवानगी अजून दिलेली नाही आणि ते देतील तेव्हाच चालवीन. पण गिअर पडल्याचा तो खट आवाज आला तेव्हा माझी बायको स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातानेच धावत आली.

त्यानंतर आठवडाभरात दारावर कागद लागला. "गेमिंग रूम बंद करण्यात आली आहे. रुग्णांनी नियमित व्यायाम विभागाशी संपर्क साधावा." आता तिथे फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजचा काउंटर आहे. दोन महिने झाले.

आता माझ्या तक्रारी. पहिली ही की कुणाला विचारलं नाही. पेशंटला नाही, नातेवाइकांना नाही, आणि जेवढं मला समजलं त्याप्रमाणे फिजिओ विभागालाही आदल्या दिवशीच सांगितलं. उमरेडवरून एक आई आपल्या आठ वर्षांच्या पोट्टीला घेऊन यायची, सेरेब्रल पाल्सी आहे तिला, म्हणजे लहानपणापासून मेंदूतल्या इजेमुळे हातपाय नीट चालत नाहीत. आधी ती पोट्टी व्यायामाचं टेबल पाहिलं की रडायला लागायची, अख्ख्या विभागाला ऐकू जायचं. गेम सुरू झाल्यावर तीच आईला म्हणायची लवकर चल, नंबर लागेल. कागद लागला त्या दिवशी त्या दोघी एसटीने येऊन दारासमोर उभ्या होत्या. त्यांना एक फोन करता आला असता, नंबर तुमच्या रजिस्टरमध्ये आहे.

दुसरी, ऑफिसमध्ये विचारायला गेलो तर "हे हॉस्पिटल आहे, गेम झोन नाही" असं ऐकवलं गेलं. कोण बोललं ते लिहीत नाही. पण हे वाक्य मला लागलं. मी पन्नाशीला आलेला माणूस, त्या खोलीत मी खेळायला नव्हतो येत जी. मी माझा हात परत मागायला येत होतो.

तिसरी तक्रार जरा मोठी आहे. आम्हाला सांगितलं गेलं की संशोधनात या गेमचा फायदा सिद्ध झालेला नाही. माझी मुलगी बीएस्सीला आहे, तिने दोन रात्री बसून वाचलं आणि मला मराठीत समजावलं. ज्या अभ्यासाचं तुम्ही बोलता तो बहुतेक २०१६ चा, लॅन्सेट न्यूरॉलॉजी या मासिकात आलेला. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले लकव्याचे १४१ पेशंट. अर्ध्यांना नेहमीच्या थेरपीसोबत वीचे गेम दिले, अर्ध्यांना पत्ते, बिंगो, चेंडूचे खेळ असं काहीतरी. दोघांनाही तासातासाचे दहा सेशन, दोन आठवड्यांत. आणि हो, निकाल असा आला की गेमवाले जास्त सुधारले नाहीत. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण पुढचंही वाचा ना साहेब. सुधारले दोन्ही गट! म्हणजे पत्ते खेळा नाहीतर मशीनवर खेळा, कुणी समोर असताना हात रोज तासभर जास्त चालला पाहिजे. तुम्ही गेम काढून आम्हाला पत्ते दिले का? चेंडू दिला का? वाढीव वेळ दिला का? तुम्ही गेम काढला आणि त्या जागी बाक दिला. गेम विरुद्ध बाक याचा निकाल काय येईल ते अभ्यास न करताही समजतं.

२०१७ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, असे ७२ अभ्यास एकत्र करून पाहिले, २४७० पेशंट. त्याचंही सार हेच की नेहमीच्या थेरपीच्या बदल्यात गेम दिला तर हाताला वेगळा फायदा दिसत नाही, पण नेहमीच्या थेरपीवर भर म्हणून दिला, एकूण वेळ वाढला, तर हाताच्या कामात फरक पडू शकतो. आमच्याकडे तो भर म्हणूनच होता. मॅडमनी कधी नाही म्हटलं की ग्लास उचलायचा व्यायाम सोडा.

आणि वेळ का वाढायला पाहिजे त्याचंही कारण आहे. मेंदूचा जो भाग मेला तो मेला, बाजूचा भाग ते काम शिकतो, पण शेकडो वेळा केल्याशिवाय शिकत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिवसाला चार-सहाशे वेळा तीच हालचाल करून घेतात. आणि अमेरिकेसारख्या देशात २००९ साली मोजलं तर फिजिओच्या एका सेशनमध्ये पेशंटचा हात कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच करत होता. बत्तीस! मी तुमच्या वीस मिनिटांत तीसेक करायचो. म्हणजे कमी तिकडेही पडतं, मग जिथे एका फिजिओमागे पंचवीस पेशंट आहेत तिथे आकडा वाढणार कसा? तो त्या खोलीत वाढत होता. तुमचा पगाराचा खर्च न वाढवता, नवीन माणूस न घेता.

मशीन जुनं झालं, दुरुस्त होत नाही, हेही कारण सांगितलं. जुनं आहे, मान्य. किनेक्ट २०१० मध्ये आला आणि २०१७ मध्ये कंपनीने बनवणं बंद केलं. पण आमचं चालू होतं, चालू मशीन बंद केलं तुम्ही. आणि आता तर साध्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर शरीराची हालचाल ओळखणारं सॉफ्टवेअर निघालंय, गूगलचं मीडियापाइप फुकट मिळतं, ते शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं. मुलीच्या कॉलेजमधल्या पोरांनी त्यावर प्रोजेक्ट केलाय, तिने मला मोबाईलवर दाखवलं, माझा डावा हात कुठवर वर गेला त्याचा कोन स्क्रीनवर लिहून येत होता. म्हणजे मशीनचं कारण आता कारणच नाही उरलं.

सध्या माझी काय हालत आहे तेही सांगतो. पाय ठीक आहे. हात पुन्हा मुठीत जाऊन राहिला, सकाळी बोटं उघडायला उजव्या हाताने एकेक सोडवावी लागतात. हे सगळं खोली बंद केल्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, थंडीमुळेही कडकपणा वाढतो म्हणतात. मी हेच सांगू शकतो की आधी आठवड्याला साडेचारशे-पाचशे वेळा हलणारं मनगट आता शंभराच्या आत आलंय. घरी येणारे फिजिओ एका वेळचे पाचशे मागतात. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात, आमची मुंगी चालत होती.

गेममध्ये धोके नाहीत असंही माझं म्हणणं नाही. लकव्यात खांदा सैल झालेला असतो, जोरात झटका दिला तर निखळतो. बोर्डवरून तोल जाऊन पडलो असतो तर कंबर मोडली असती. चांगल्या धडधाकट माणसाचाही वी खेळून खेळून खांदा दुखावल्याची केस २००७ मध्येच डॉक्टरांच्या मासिकात आली होती म्हणे. आणि पेशंट चलाखी करतो, मी केली, नुसतं अंग हलवून स्कोअर मिळतो आणि मनगट तिथल्या तिथेच. म्हणून पेशंटला मशीनसमोर सोडून द्या असं मी मुळीच मागत नाही. फिजिओ तिथे हवाच. कुठला गेम, किती वेळ, बसून की उभा, हे त्यांनीच ठरवायचं.

तर माझ्या मागण्या अशा:

१. ती खोली परत द्या, नाहीतर विभागातलाच एक कोपरा द्या. टीव्हीपासून सहा फूट मोकळी जागा असली की एक माणूस खेळू शकतो. काउंटर हलवा असा हट्ट नाही.

२. मशीन, बोर्ड, रिमोट स्टोअरमध्ये टाकलेत ते आधी तपासून घ्या. वायरी गुंडाळून वर खोकी ठेवलीत, मुलीने डोळ्यांनी पाहिलं. वापरायचं नसेल तर ज्यांनी दिलं त्यांना सन्मानाने परत करा.

३. फिजिओसाठी गेमचा वेळ ड्युटीत धरा. आधी मॅडम जेवणाच्या सुट्टीत करायच्या, ते बरोबर नव्हतं.

४. प्रत्येक पेशंटचं मोजमाप ठेवा. हात किती उठतो, किती पावलं चालतो, एका सेशनमध्ये किती वेळा हालचाल केली, सुरुवातीला आणि दर महिन्याला. सहा महिन्यांनी ते आकडे बोर्डावर लावा. फायदा नाही दिसला तर बंद करा, मी स्वतः म्हणीन बंद करा.

५. पुढे असा काही निर्णय घ्यायचा असेल तर फिजिओ विभाग आणि दोन पेशंट यांना बसवून विचारा, आणि कारण लेखी द्या.

पैशाचा प्रश्न असेल तर आमच्या स्टँडवरच्या ऑटोवाल्यांनी सांगितलंय की लॅपटॉप आणि कॅमेऱ्यासाठी ते वर्गणी काढतील. मी आजारी होतो तेव्हा याच लोकांनी दोन महिने माझ्या घरी किराणा टाकला, त्यामुळे ते नुसतं बोलत नाहीत.

या अर्जावर माझ्यासोबत अडतीस पेशंट आणि नातेवाइकांच्या सह्या आहेत, त्यात उमरेडच्या त्या ताईंची आहे, महालातल्या गुडघा बदललेल्या आजींची आहे, तिघांचे अंगठे आहेत. येत्या सोमवारी अकरा वाजता मी सह्यांचा कागद घेऊन तुमच्या ऑफिसला येतो. घोषणा नाही, गर्दी नाही, मी आणि माझी मुलगी, दोघंच. पंधरा मिनिटं द्या. लिफ्टसमोरच्या खुर्चीवर बसून राहीन, कुणाला तरी खाली पाठवा.

आपला,
नंदनवनचा एक ऑटोचालक
(तुमच्याच फिजिओ विभागाचा पेशंट)